जिथं पाणी तापतं, जिथं आटतं: बोअरचं जड पाणी आणि घरातली उपकरणं

बोरी हे जिंतूर तालुक्यातलं, जिंतूर–परभणी रस्त्यावरचं बाजाराचं गाव. आसपासच्या बहुतेक गावांप्रमाणे इथंही घरातल्या पाण्याची भिस्त मोठ्या प्रमाणात जमिनीखालच्या पाण्यावर आहे. विहीर, हापसा, बोअर आणि गावच्या टाकीतून येणारा नळ, यांचा उगम शेवटी खडकातच. हे पाणी दिसायला नितळ असतं, पण बादलीच्या काठावर पांढरी कड सोडतं, साबणाला फेस येऊ देत नाही, हिवाळ्यात रॉड पांढरा करतं आणि उन्हाळ्यात कूलरच्या जाळ्या दगडासारख्या करतं. ‘आमचं पाणी जड आहे’ एवढं म्हणून आपण सोडून देतो आणि वर्षा-दोन वर्षांनी नवी कॉइल, नवा रॉड, नवी मोटर आणतो.

हा खर्च बराचसा टाळता येतो. त्यासाठी सगळ्या घराचं पाणी शुद्ध करणारं महागडं यंत्र लागतंच असं नाही. क्षार कुठं बसतात आणि का बसतात हे कळलं की कुठं लक्ष द्यायचं ते आपोआप ठरतं.

जडपणा येतो कुठून

मराठवाड्याच्या पायाखाली बेसॉल्ट आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून बनलेला हा काळा पाषाण. त्याच्यावर मुरूम आणि मुरमावर काळी जमीन. या काळ्या जमिनीत चुनखडीचे पांढरे खडे असतात, नांगरटीत ते हमखास वर येतात. पावसाचं पाणी जमिनीत मुरताना मुळांनी आणि सूक्ष्मजीवांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड स्वतःत विरघळवून घेतं. त्यामुळे ते किंचित आम्लधर्मी होतं आणि वाटेतली चुनखडी विरघळवत खाली जातं. खडकाच्या खनिजांमधूनही कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सुटतात. या दोन धातूंचे विरघळलेले क्षार म्हणजेच पाण्याचा जडपणा.

पाणी खडकात जितकं जास्त काळ राहील तितके क्षार जास्त. म्हणून एकाच शिवारात पावसाळ्यात भरणाऱ्या उथळ विहिरीचं पाणी हलकं आणि खोल बोअरचं जड, असं पुष्कळदा आढळतं. पण हा नियम पक्का नाही, कारण दोन बोअर शेजारी असूनही वेगवेगळ्या भेगांतून पाणी घेतात. जिंतूर तालुक्यातच पूर्णा नदीवर येलदरी धरण आहे. अशा धरणाचं पाणी मुख्यतः वाहून आलेलं पावसाचं असतं, खडकात मुरलेलं नसतं. त्यामुळे ते बोअरच्या तुलनेत हलकं असतं. घरात नळाचं आणि बोअरचं पाणी एकाच टाकीत पडत असेल, तर जडपणा आठवड्यागणिक बदलत राहतो.

आकडा कसा कळतो

पाण्याचं टीडीएस मीटर हल्ली आरओ विकणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात असतं. ते पाण्यात बुडवून ‘आकडा आठशे आला, पाणी खराब’ असं सांगितलं जातं. हे मीटर विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज देतं, आणि तोही पाण्याच्या वीजवहनावरून. त्यातलं मीठ किती आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम किती, हे त्याला कळत नाही. जडपणा वेगळा मोजावा लागतो. प्रयोगशाळेच्या अहवालात तो ‘एकूण कठीणता’ किंवा ‘टोटल हार्डनेस’ या नावाने, एका लिटरमागे मिलिग्रॅममध्ये लिहिलेला असतो.

ढोबळमानानं ७५ पर्यंतचं पाणी हलकं, १५० ते ३०० जड आणि ३०० च्या वरचं फार जड. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२) २०० मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं.

तपासणी दोन ठिकाणी होऊ शकते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावोगावी पाणी तपासणीचे संच देण्याची आणि गावातल्या पाच महिलांना ते वापरण्याचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. या संचात कठीणतेची चाचणी असते. सविस्तर अहवाल हवा असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो. ग्रामपंचायतीच्या स्रोतांची तपासणी नियमित व्हायची असते, त्यामुळे आधी ग्रामपंचायतीकडे अहवाल मागून पाहावा.

नुसता अंदाज घ्यायचा असेल तर झाकणाच्या बाटलीत अर्धं पाणी घ्या, अंगाच्या साध्या साबणाचा हरभऱ्याएवढा कीस टाकून जोरात हलवा. दुसऱ्या बाटलीत पावसाचं किंवा बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी घेऊन तेच करा. फेसातला फरक डोळ्यांना दिसतो. डिटर्जंटनं ही चाचणी नीट होत नाही, कारण तो जड पाण्यातही फेसाळतो.

क्षार बसण्याचा नियम

थंड पाणी पाइपातून वाहत असतं तेव्हा क्षार विरघळलेलेच राहतात आणि सहसा कुणाला त्रास देत नाहीत. ते बाहेर पडतात ते दोनच प्रसंगी: पाणी तापलं की, किंवा पाणी आटलं की.

तापल्यावर काय होतं? जमिनीत कार्बन डायऑक्साइडमुळे चुनखडी विरघळली होती. पाणी तापलं की तो वायू निघून जातो आणि विरघळलेली चुनखडी पुन्हा घन होते. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, चुनखडीचं मात्र उलटं आहे. त्यामुळे जो पृष्ठभाग सर्वांत गरम, तिथंच थर सर्वांत आधी धरतो. साठ अंशांच्या पुढे हे फार वेगानं होतं. जडपणाचा दुसरा भाग सल्फेट आणि क्लोराइडच्या रूपात असतो, तो उकळूनही जात नाही. म्हणून पहिल्याला तात्पुरता आणि दुसऱ्याला कायमचा जडपणा म्हणतात.

आटल्यावर मात्र दोन्ही मागे राहतात, कारण वाफ होऊन जातं ते फक्त पाणी. याचं मोठ्यात मोठं उदाहरण बोरीपासून फार लांब नाही: बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर. तिथं पाणी येतं, पण वाहून जायला वाट नाही. हजारो वर्षं पाणी उडत राहिलं आणि क्षार साचत गेले. त्यातली चुनखडी आधी खाली बसली आणि सोड्यासारखे क्षार पाण्यात राहून पाणी तीव्र अल्कधर्मी झालं. उन्हाळाभर न उपसलेल्या कूलरच्या टाकीत घडतं ते याच नियमानं.

घरातलं प्रत्येक उपकरण या दोन प्रश्नांना लावून पाहा: इथं पाणी तापतं का? इथं पाणी आटतं का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर त्याची फार चिंता नको.

तापणारं पाणी: रॉड, गिझर, बंब, सोलर

विजेच्या रॉडवर आणि गिझरच्या कॉइलवर थर सर्वांत लवकर धरतो. हिशेब करून पाहू. पाण्याचा जडपणा ४०० धरला आणि घरात रोज ६० लिटर पाणी गिझरमधून तापवलं, तर रोज २४ ग्रॅम क्षार त्या टाकीतून जातात. त्यातला दहावा हिस्सा जरी आत राहिला तरी हिवाळ्याच्या चार महिन्यांत पाव किलोच्या वर खडा जमतो. जुना गिझर उघडला की तळाशी भाताच्या करपलेल्या थरासारखी खरपुडी आणि कॉइलवर पांढरट-तपकिरी कवच दिसतं ते हेच.

क्षारामुळे वीजबिल दुप्पट होतं, असं सर्रास सांगितलं जातं. विजेच्या गिझरला ते फारसं लागू नाही. कॉइल पाण्यातच बुडालेली असल्यानं तिची उष्णता उशिरा का होईना, पाण्यातच जाते. खरं नुकसान कॉइलचं होतं. तांब्याच्या मानानं हा थर शेकडो पटींनी कमी उष्णता वाहतो. आतली उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही, कॉइल लाल होईपर्यंत तापते, तिचं कवच तडकतं आणि पाणी आत शिरतं. मग कॉइल जळते किंवा पाण्यात करंट उतरतो. म्हणून थर धरलेला रॉड हा आधी सुरक्षेचा प्रश्न आहे, खर्चाचा नंतर. घरात अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर असलाच पाहिजे. रॉड बादलीत असताना चालू-बंद करून पाण्यात हात घालून पाहणं तर कधीच नको.

बंब, चुलीवरचं पातेलं आणि गॅस गिझर यांचं गणित वेगळं आहे. तिथं ज्वाळ बाहेर आणि पाणी आत असतं. मध्ये थर आला की उष्णता धुराबरोबर निघून जाते आणि सरपण किंवा गॅस खरोखरच जास्त लागतो. गॅस गिझरमध्ये बारीक तांब्याच्या नळ्या असतात, त्या आतून अरुंद झाल्या की धार बारीक होते. धार कमी झाल्याबरोबर पाणी आणखी तापतं आणि थर आणखी वेगानं धरतो.

सोलर घेताना जड पाण्याच्या गावात हा मुद्दा आधी विचारावा. सपाट पत्र्याच्या जुन्या पद्धतीच्या सोलरमध्ये तांब्याच्या बारीक नळ्यांतून पाणी फिरतं. त्या चोंदल्या की पत्रा तापतो, पण टाकी थंडच राहते. काचेच्या जाड नळ्यांचा सोलर जड पाणी जास्त सहन करतो, पण त्याच्याही नळ्यांच्या तळाशी गाळ साचतो. दरवर्षी पावसाळ्यानंतर त्या धुवाव्या लागतात. फार जड पाण्यासाठी उष्णता-विनिमयाची सोय असलेला सोलर मिळतो. त्यात पत्र्यातून फिरणारं पाणी वेगळं आणि वापराचं वेगळं असतं.

वाफेच्या यंत्रांना हा त्रास पहिल्यापासून होता. परभणी स्थानक ज्या मनमाड–सिकंदराबाद मार्गावर आहे, तो मार्ग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निजामाच्या राज्यात सुरू झाला. कोळशाच्या इंजिनांचा बॉयलर ठरावीक काळानं थंड करून, उघडून, आतून धुऊन काढावाच लागे. तिथं थर राहणं म्हणजे नळी फुटण्याचा धोका. आपला गिझर लहान आहे म्हणून त्याला हा नियम लागू नाही, असं नाही.

गिझरसाठी तीन गोष्टी पुरतात. एक, तापमान ५०–५५ अंशांवर ठेवा. ७५ अंशांवर तापवून त्यात थंड पाणी मिसळणं म्हणजे थर मुद्दाम वाढवणं. दोन, दर हिवाळ्याआधी कारागिराकडून टाकी उघडून आतून साफ करून घ्या. तीन, त्याच वेळी आतला मॅग्नेशियमचा दांडा पाहायला सांगा. टाकीच्या पत्र्याऐवजी स्वतः गंजावं, यासाठीच तो बसवलेला असतो. तो झिजून तारेएवढा झाला की बदलायचा. क्षार जास्त असलेल्या पाण्यात तो लवकर संपतो, आणि बहुतेक घरांत तो आत आहे हेच माहीत नसतं.

आटणारं पाणी: कूलर, तोट्या, इन्व्हर्टर

परभणीच्या उन्हाळ्यात कूलर ही चैन राहिलेली नाही. कूलर गार करतो तो पाणी उडवूनच, म्हणजे क्षार मागे ठेवणं हा त्याच्या कामाचाच भाग आहे. दिवसाला ४० लिटर पाणी उडालं आणि जडपणा ४०० असला, तर रोज १६ ग्रॅम आणि तीन महिन्यांत जवळजवळ दीड किलो क्षार कूलरमध्ये राहतात. ते आधी जाळीच्या काठांवर बसतात, कारण तिथं पाणी कमी पोचतं आणि वारा जास्त लागतो. मग वारा जायची भोकं बुजतात, मोटरच्या जाळीत खडे अडकतात आणि पाणी वर चढेनासं होतं.

आपण रोज काय करतो? टाकी अर्धी झाली की वरून पाणी ओततो. त्यामुळे उरलेल्या पाण्यातले क्षार दिवसेंदिवस दाट होत जातात. यावर उपाय फुकट आहे: दर दोन-तीन दिवसांनी टाकी तळातून पूर्ण रिकामी करायची आणि मग भरायची. पाण्याची टंचाई असेल तर हेच पाणी अंगणात सडा मारायला किंवा संडासात वापरता येतं. गवताच्या जाळ्या दर हंगामाला बदलाव्यात. मधमाशीच्या पोळ्यासारख्या कागदी पॅडला आतून खरवडू नये, हलक्या सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून धुवावं. पंखा बंद करण्याआधी दहा मिनिटं मोटर चालू ठेवून पॅडवरून भरपूर पाणी जाऊ द्यावं. मोटर आधी बंद करून पंखा चालू ठेवला तर जाळीतलं पाणी जागच्या जागी सुकतं आणि क्षार तिथंच धरतात. वास येऊ नये म्हणून जाळी वाळवायचीच असेल, तर आधी असं खळखळून पाणी जाऊ द्यावं.

नळाच्या तोंडाची जाळी आणि शॉवरची भोकं बुजतात तीही आटण्यामुळेच. थेंब लोंबकळतो, सुकतो, कण सोडतो. म्हणून गळणारी तोटी आधी दुरुस्त करावी. स्टीलच्या भांड्यांवरचे आणि आरशावरचे पांढरे ठिपके पुसून कोरडं केलं की येतच नाहीत.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत बोअरचं किंवा जारचं पाणी घालणारी घरं अजून आहेत. बॅटरीतून उडतं ते फक्त पाणी. वरून घातलेल्या पाण्यातले क्षार आत साचत जातात आणि प्लेटी खराब करतात. तिथं डिस्टिल्ड पाणीच हवं. गाळलेलं, उकळलेलं किंवा आरओचं पाणी त्याच्या जागी चालत नाही.

शेतातल्या ठिबकच्या तोट्या बुजण्याचं एक कारणही हेच. संच बंद झाल्यावर तोटीच्या तोंडाशी राहिलेलं पाणी आटतं. त्यासाठी आम्ल प्रक्रिया करतात, पण तिचं प्रमाण पाण्याच्या अहवालावरून कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विभागाच्या तज्ज्ञांना विचारूनच ठरवावं.

आरओ: ना तापणं, ना आटणं, तरी थर

आरओ यंत्रात पाणी तापत नाही आणि उडतही नाही. पण मेंब्रेनमधून शुद्ध पाणी पलीकडे जातं आणि क्षार अलीकडे दाट होतात. क्षारांच्या दृष्टीनं हे आटणंच झालं. म्हणून जड पाण्यावर मेंब्रेन लवकर चोंदतं. वाया जाणाऱ्या पाण्याची धार म्हणजे मेंब्रेन धुऊन नेणारी धार. ती बारीक करून पाणी वाचवायला गेलं की मेंब्रेन मरतं. घरगुती यंत्रात शुद्ध पाण्याच्या दोन-तीन पट पाणी असं बाहेर पडतं. ते फरशी पुसायला आणि संडासाला वापरावं. कूलरमध्ये मात्र टाकू नये, कारण ते मुळातच दाट झालेलं असतं.

टीडीएस ५०० च्या आत असेल तिथं आरओची गरज नाही, आणि अशा ठिकाणी त्याच्या वापराला बंदी घालावी, असे निर्देश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१९ मध्ये दिले होते. म्हणून आरओ घेण्याआधी अहवाल पाहावा, विक्रेत्याचं मीटर नंतर.

साबण आणि वॉशिंग मशीन

साधा साबण कॅल्शियमशी भेटला की न विरघळणारा चिकट साका तयार होतो. सगळं कॅल्शियम-मॅग्नेशियम असं बांधून संपेपर्यंत फेस येत नाही. ४०० जडपणाच्या २० लिटरच्या बादलीत त्यासाठी हिशेबानं जवळजवळ ५० ग्रॅम साबण वाया जाईल. तेच काम धुण्याचा सोडा ८–९ ग्रॅममध्ये करतो. म्हणून साबण लावण्याआधी बादलीत थोडा सोडा टाकण्याची जुनी रीत शास्त्राला धरूनच आहे. फक्त तो रेशमाला आणि लोकरीला लावू नये, आणि हात जपावेत.

आपल्याकडच्या बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक आणि वरून कपडे टाकायच्या मशीन थंड पाण्यावर चालतात. त्यांत हीटर नाही, म्हणजे थराचा मोठा धोका नाही. तिथं त्रास होतो तो पावडर आणि क्षार यांच्या साक्याचा: ड्रमच्या मागे चिकटा, कपड्यांवर राखाडी झाक, टॉवेल पापडासारखे कडक. पावडर वाढवत नेण्यापेक्षा ती आधी पाण्यात पूर्ण विरघळवून टाकावी आणि शेवटचं पाणी भरपूर घ्यावं. समोरून कपडे टाकायच्या मशीनमध्ये हीटर असतो. तिला ६० अंशांचं धुणं रोज लावू नये, गरजेपुरतं ठेवावं. पाणी आत येण्याच्या नळीच्या तोंडाशी बारीक जाळी असते. ‘मशीनमध्ये पाणीच येत नाही’ या तक्रारीत पुष्कळदा तीच खड्यांनी भरलेली सापडते. नळ बंद करून नळी काढा आणि जाळी धुवा.

स्वयंपाकघर

जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, हा भास नव्हे. डाळीच्या पेशींना चिकटवून ठेवणाऱ्या पेक्टिनला कॅल्शियम आणखी घट्ट करतं. त्यामुळे तुरीचं वरण आळत नाही, दाणा वेगळाच राहतो. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की डाळ शिजते, पण त्यानं ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. त्यापेक्षा डाळ आणि हरभरे भिजवायला व शिजवायला तेवढंच हलकं पाणी वेगळं ठेवणं बरं. दोन-तीन लिटरची तर गोष्ट. चहावर येणारा तेलकट पापुद्रा आणि इलेक्ट्रिक केटलच्या तळाचा पांढरा थर यांनाही हेच पाणी उत्तर आहे.

थर काढायचा कसा

आधी खपलीची परीक्षा. एक तुकडा बशीत घेऊन त्यावर लिंबू पिळा. फसफसला तर ती चुनखडी आहे आणि आंबट पाण्यानं निघेल. फसफसला नाही तर त्यात सल्फेट किंवा वाळूसारखी खनिजं जास्त आहेत. ती आम्लाला दाद देत नाहीत, तिथं कारागीरच लागतो.

घरी वापरायला सायट्रिक ॲसिड सर्वांत सोयीचं, किराणा दुकानात ते लिंबूसत्त्व म्हणून मिळतं. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे पुरतात. रॉड प्लगमधून काढून, पूर्ण गार करून, प्लास्टिकच्या बादलीत फक्त तापणारा भाग बुडेल असा तासभर ठेवा. प्लग लावून ‘लवकर निघेल’ असं करू नका. द्रावण उकळतं वापरण्यातही फायदा नाही, उलट त्यातून कॅल्शियम सायट्रेटचा नवा पांढरा साका बसू शकतो. नंतर जुन्या ब्रशनं घासा आणि स्वच्छ पाण्यानं धुवा. थर चाकूनं खरवडणं किंवा रॉड ओट्यावर आपटणं टाळा, कवचाला तडा गेला तर तो रॉड धोक्याचा. शॉवरच्या जाळीला हेच द्रावण पिशवीत भरून बांधता येतं. तांब्याच्या बंबाला चिंच आहेच.

संडासाचं ॲसिड मात्र उपकरणांना कधीही लावू नये. ते स्टीलला खड्डे पाडतं, ॲल्युमिनियम खातं, आणि ब्लीचिंग पावडरशी मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सोडतं. शहाबादी फरशीवर तर कुठलंच आम्ल सांडू देऊ नका. ती फरशी म्हणजे चुनखडकच. जे आम्ल थर खातं ते फरशीही खातं.

पाणी हलकं करण्याचे मार्ग

तुरटी गढूळपणा बसवते, जडपणा नाही. क्लोरीन आणि अतिनील किरणांचं यंत्र जंतू मारतं, क्षारांना हात लावत नाही. कापडाची किंवा कँडलची गाळणीही विरघळलेलं काही अडवत नाही. पाइपावर बसवायचे चुंबक आणि विजेचे पट्टे यांच्या जाहिराती पुष्कळ आहेत, पण त्यांच्या परिणामाबद्दलचे पुरावे एकमेकांशी जुळत नाहीत. वापरून पाहायचंच असेल तर पैसे परत मिळण्याच्या बोलीवर घ्यावेत.

उकळून, निवू देऊन, वरचं पाणी ओतून घेतलं की तात्पुरता जडपणा बराच कमी होतो. पिण्याच्या आणि डाळीच्या पाण्याला हे पुरतं. स्कॉटलंडच्या थॉमस क्लार्क या रसायनज्ञानं १८४१ मध्ये पाण्यात मोजून चुना टाकून जडपणा काढण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. गावाच्या पातळीवर ती आजही उपयोगी आहे, पण घरात चुन्याचं प्रमाण साधणं अवघड.

सगळ्या घराला हलकं पाणी देणारं यंत्र म्हणजे सॉफ्टनर. त्यातल्या राळेचे मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्यांच्या बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्यानं त्यांना पुन्हा ताजं करायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सॉफ्टनरमध्ये झिओलाइट नावाची खनिजं हे काम करत. गंमत अशी, की आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत सापडणारे पांढरे स्फटिक पुष्कळदा झिओलाइटच असतात आणि महाराष्ट्र त्यांच्यासाठी जगभर ओळखला जातो.

सॉफ्टनर थर थांबवतो, यात शंका नाही. पण त्याचे दोन हिशेब विक्रेता सांगत नाही. पहिला, ४०० जडपणा पूर्ण काढला तर लिटरमागे सुमारे १८४ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येतं. रक्तदाबाच्या रुग्णांनी हे पाणी पिण्यासाठी वापरू नये, स्वयंपाकाचा नळ सॉफ्टनरच्या आधीच वेगळा काढून घ्यावा. दुसरा हिशेब जमिनीचा. मणी धुतलेलं मिठाचं पाणी परसात सोडलं की काळी जमीन चोपण होते: पावसात चिखल, उन्हात दगड, पाणी मुरेनासं. लिंबाच्या आळ्यात ते कधीच सोडू नये.

सर्वांत हलकं पाणी आभाळातून पडतं. ५०० चौरस फुटांचं स्लॅब किंवा पत्र्याचं छत आणि हंगामात ८०० मिलिमीटर पाऊस धरला, गळती-उडती वजा केली, तरी जवळजवळ ३० हजार लिटर पाणी मिळतं. सगळं साठवायला टाकी परवडणार नाही. पण पहिला पाऊस सोडून नंतरचं हजार-दोन हजार लिटर झाकलेल्या टाकीत धरलं, तर डाळ, केटल आणि इस्त्रीचं पाणी निघतं. उरलेलं बोअरशेजारी गाळणखड्ड्यातून मुरवलं तर पुढच्या उन्हाळ्यात बोअरचं पाणीही थोडं हलकं होऊ शकतं.

प्रकृतीची भीती किती खरी

‘बोअरच्या पाण्यानं मुतखडा होतो’ हे वाक्य मराठवाड्यात घरोघरी ऐकू येतं. तांब्यातला थर आणि मूत्रपिंडातला खडा एकच, असं वाटणं साहजिक आहे. पण जड पाणी आणि मुतखडा यांचा थेट संबंध ठामपणे सिद्ध झालेला नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेनंही जडपणासाठी प्रकृतीच्या कारणानं मर्यादा घालून दिलेली नाही. कडक उन्हात घाम गाळून पाणी कमी पिणं हे मुतखड्याचं त्याहून मोठं कारण आहे. ज्याला खडा होऊन गेलाय त्यानं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, पाणी जड आहे म्हणून पिणं कमी करू नये.

पाण्यातलं खरं भय दिसत नाही. खतं आणि सांडपाण्यातून येणारं नायट्रेट, खडकातलं फ्लोराइड आणि जंतू यांचा पांढरा थर धरत नाही. नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिला कठीणतेच्या ६०० सारखी सवलत नाही. उकळल्यानं नायट्रेट जात नाही. अहवाल हातात आला की आधी या ओळी वाचाव्यात, कठीणता नंतर.

पैसा आधी कुठं घालावा

पहिला खर्च तपासणीचा. दुसरा अर्थिंग आणि ब्रेकरचा, कारण थर धरलेला रॉड जीवावर बेतू शकतो. तिसरा गिझरच्या वार्षिक सफाईचा आणि मॅग्नेशियमच्या दांड्याचा. कूलरची टाकी उपसायला आणि गिझरचं बटण ५५ वर आणायला काहीच लागत नाही. एवढं करूनही जडपणा ५००–६०० च्या घरात असल्यानं सोलर किंवा मशीन वारंवार बिघडत असेल, तरच सॉफ्टनरचा विचार करावा. तोही न्हाणीघरापुरता, म्हणजे मीठ कमी लागेल आणि पिण्याचं पाणी बाजूला राहील. आणि यंत्र विकायला आलेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा: हे जडपणा काढतं, टीडीएस कमी करतं की जंतू मारतं? तिन्ही कामं वेगळी आहेत. ज्याला हा फरक सांगता येत नाही, त्याच्याकडून पाण्याचं यंत्र घेऊ नये.